थोरले हयात आहेत

सभागृहाच्या इमारतीत, तळमजल्यावर, जिन्याच्या पोटात ग्रंथालयाची एक लांबट खोली आहे. वर कितीही आवाज चढले तरी खाली फक्त पावलांची धडधड ऐकू येते. भांडण कशावरून पेटलंय ते कळत नाही. मावशी या खोलीत नोकरीला लागल्या तेव्हा त्यांना मावशी म्हणणारं कुणी नव्हतं. वडील सरकारी छापखान्यात जुळारी होते. खिळे जुळवता जुळवता एके दिवशी छातीत कळ आली आणि त्यांनी हातातली ओळ अर्धी टाकली. घरात दोन मुली. मोठी शिवणकाम करून चार पैसे मिळवत होती, म्हणून सरकारनं दिलेली जागा धाकटीच्या वाट्याला आली. छापखान्यात बाई नको म्हणून तिला ग्रंथालयात पाठवलं, आणि ग्रंथालयात दुसरं काम मोकळं नव्हतं म्हणून तिच्यापुढं आमदारांची यादी ठेवली.

पहिल्या सभागृहापासून आजवर जो जो निवडून आला, त्याची एक ओळ. नाव, मतदारसंघ, सार्वत्रिक निवडणूक की पोटनिवडणूक, कधी आला, कधी गेला, का गेला. शेवटचा रकाना अरुंद होता. त्यात ‘हयात’ असं लिहायचं, आणि वेळ आली की ते खोडून तारीख घालायची.

बाहेरच्यांना वाटे, यादी काय, एकदा केली की संपलं. पण ती कधी स्वस्थ बसली नाही. मतदारसंघांच्या सीमा बदलत, जुनं नाव नव्या गावांवर जाऊन बसे. कुणाची निवड न्यायालय रद्द करी, मग त्याची ओळ ठेवायची की काढायची यावर महिनोन्‌महिने कागद फिरत. चौकाला आजोबांचं नाव द्यायचं म्हणून नातू फोन करीत आणि आजोबा नक्की कधी निवडून आले होते ते मावशींना विचारीत. आजोबा पडले होते हे सांगताना मावशींचा आवाज फार हळू होई.

“मावशी, मला नका हं घालू त्या शेवटच्या रकान्यात,” शिपाई म्हणायचा. “लग्न व्हायचंय अजून.”

“यादीत यायला आधी निवडून यावं लागतं.”

“म्हणजे मी अमरच की!”

घरी ताईचं वेगळंच असे. चष्म्यांच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत दोघी बहिणी राहत. ताई पडद्यांना दुमड घालता घालता म्हणायची, “आपला मामा कधी गेला विचारलं तर हिला आठवत नाही. पण कुठल्या तरी आडगावचा आमदार कधी गेला ते वारासकट सांगेल. लोकांची मढी उचलायला बरी सापडलीस त्यांना.”

मावशी हसून सोडून देत. त्यांचं लग्न राहून गेलं होतं. ते का राहिलं याचं एक कारण असं नव्हतं. एकेक वर्ष हातातून निसटत गेलं, आणि मग विचारणारेही थांबले.

यादीची नवी प्रत निघाली की तिची रुजुवात व्हायची. रुजुवात म्हणजे एकानं मूळ कागद मोठ्यानं वाचायचा, दुसऱ्यानं नवी प्रत नजरेखालून घालायची आणि ओळ जुळली की तिच्यापुढं टिचकी, म्हणजे बरोबरची खूण, मारायची. वाचायला तात्या असायचे, याच विभागातले जुने कारकून. त्यांचा आवाज खर्जातला आणि एकसुरी. दुपारच्या वेळी तो ऐकताना झाडाखाली बसल्यासारखं वाटे. टिचकी मात्र मावशींची. वाचणाऱ्याची नजर एका ओळीवरून दोनदा गेली, असं अशा कामात हटकून होतं. मग वाचणारा थांबतो, ऐकणारा म्हणतो, “झालं हे, पुढे चला,” आणि दोघं पुढे जातात.

यादी संगणकावर चढवायचं ठरलं तेव्हा बाहेरच्या कंपनीला काम दिलं. त्यांच्या यंत्रानं सारखी दिसणारी नावं गोळा करून दुबार ओळी काढून टाकल्या. छापून आलेला गठ्ठा रुजुवातीला खाली आला. उन्हाळ्याचे दिवस होते, तात्यांचा घसा बसला होता, वरून घाई चालली होती. रुजुवात झाली, प्रत मंजूर झाली आणि जुने कागद आणि रुजुवातीचा गठ्ठा खोक्यांत भरून गोदामात गेले. पुढच्याच वर्षी तात्या वारले.

मावशींच्या निवृत्तीला वर्ष उरलं असेल नसेल, तेव्हा वर्तमानपत्रात दोन ओळींची बातमी आली. एका जुन्या आमदाराचं निधन. मावशींनी नाव आणि मतदारसंघ पाहून यादी उघडली, ओळ सापडली, ‘हयात’ खोडून तारीख घातली. मग शोकप्रस्तावाचं टिपण करायला घेतलं. अधिवेशनाच्या सुरुवातीला दिवंगत सदस्यांना श्रद्धांजली वाहतात, तेव्हा अध्यक्षांच्या हातात जो कागद असतो तो याच खोलीतून जातो. या माणसाबद्दल लिहिण्यासारखं बरंच होतं. तीनदा निवडून आलेला, एकदा उपमंत्री. कालव्यासाठी ज्यांची घरं उठवली त्यांना आधी जागा द्या, मग कुदळ मारा, असं स्वतःच्याच पक्षाविरुद्ध उभं राहून म्हणाला आणि मंत्रिपद सोडून मागच्या बाकावर जाऊन बसला.

अध्यक्षांनी टिपण पूर्ण वाचलं. विरोधी बाकांवरून एक वयस्क सदस्य न सांगता उठले आणि कालव्याची ती दुपार आपण प्रेक्षागारातून पाहिली होती असं म्हणाले. सभागृह स्तब्ध उभं राहिलं. खाली, एरवी बंद असलेला भिंतीवरचा ध्वनिक्षेपक लावून, मावशीही उभ्या राहिल्या. एवढं मनापासून कुणाबद्दल बोलल्याचं त्यांनी फार दिवसांत ऐकलं नव्हतं. त्या दिवशी घरी जाताना त्यांनी ताईसाठी पेरू घेतले.

अधिवेशन संपल्यावर एक म्हातारा गृहस्थ काठी टेकत खोलीत आला. कोट जुना पण इस्त्रीचा, बूट पुसलेले.

“यादी तुम्हीच ठेवता का, बाई?”

“हो. बसा ना. कुणाची माहिती हवी होती?”

“माझीच,” ते म्हणाले आणि नाव सांगितलं.

मावशी म्हणाल्या, “पण ते तर…”

“गेले. वाचलं मी.” त्यांनी काठी टेबलाच्या कडेला अडकवली. “गेला तो माझा चुलतभाऊ. आजोबांचं नाव दोघांनाही ठेवलं, वडिलांच्या नावाचं पहिलं अक्षरही एकच. गावात मी थोरला, तो धाकटा, तेवढ्यावर भागायचं. मी निवडणूक लढवणं सोडल्यावर पुढे एकदा पोटनिवडणुकीत तो निवडून आला. जेमतेम दीड वर्ष होता इथं. बोलला असेल नसेल.”

मावशींनी यादी उघडली. त्या मतदारसंघात त्या नावाची ओळ एकच होती.

“मी काही भांडायला आलो नाही,” थोरले म्हणाले. “भावजयीनं पाठवलंय. आम्ही एकाच घरात राहतो, आता दोघंच उरलोय. तिनं रेडिओ लावला होता, नवऱ्याबद्दल काय बोलतात ते ऐकायला. ऐकून झाल्यावर म्हणाली, भावोजी, सगळं तुमचंच होतं हो. ह्यांचं काहीच नाही.”

 मग जरा अवघडून म्हणाले, “ते छापलेलं भाषण वाचायला मिळेल?”

मावशींनी कामकाजाचा खंड काढून दिला. थोरल्यांनी एकेका ओळीखाली बोट धरून वाचलं. पान संपल्यावर पुन्हा वरून सुरुवात केली.

“कालव्याचं कुणाच्या लक्षात असेल असं वाटलं नव्हतं.”

“टिपणात होतं.”

“म्हणजे तुमच्या लक्षात होतं.”

“कागदावर होतं,” मावशी म्हणाल्या. खोटं श्रेय घ्यायचा तो दिवस नव्हता.

“तेही पुष्कळ झालं. ज्यांना जागा मिळवून दिली ते नंतर दुसऱ्या पक्षात गेले. घरात मूलबाळ नाही. मी गेल्यावर बोलायला कोण उठणार होतं?” त्यांनी खंड हलकेच मिटला. “धाकट्याचं नाव घाला, बाई. त्याचा हक्क आहे तो. पण हे भाषण… हे असंच राहू दिलं तर? माझी तक्रार नाही. उलट मी गेल्यावर पुन्हा बोलायला नको, सभागृहाचा तेवढाच वेळ वाचेल.”

“पण तुम्ही हयात आहात.”

“आहे. मला ठाऊक आहे, भावजयीला ठाऊक आहे. आणखी कुणाला ठाऊक असायची गरज उरलेली नाही.”

ते गेल्यावर मावशी गोदामात गेल्या. रुजुवातीचा गठ्ठा हुडकायला संध्याकाळ झाली. धुळीनं हात काळे झाले. जुन्या कागदावर दोन ओळी होत्या, एकाखाली एक, नाव तेच. नव्या प्रतीत एक, आणि तिच्यापुढं टिचकी. टिचकी मावशींचीच, शेपटीला जरा वर वळलेली. तात्या दुसऱ्यांदा तेच नाव वाचून थांबले असतील. “झालं हे, पुढे चला,” असं आपण म्हटलं असणार, हे मावशींना आठवलं नाही, पण त्यांना ते ऐकू आलं.

ग्रंथपाल साहेब वयानं मावशींपेक्षा बरेच लहान, स्वभावानं वाईट नव्हते. सगळं ऐकून त्यांनी आधी दार लोटून घेतलं.

“धाकट्यांचं नाव यादीत गुपचूप घालून टाका. त्याला कुणाची ना नाही. पण श्रद्धांजली चुकली म्हणायचं तर सभागृहात शुद्धिपत्र वाचावं लागेल. जिवंत माणसाला आपण उभं राहून निरोप दिला असं अध्यक्षांनी सांगायचं? पेपरवाले सोडतील?”

“मग थोरल्यांच्या ओळीत काय लिहू?”

साहेबांनी खिडकीबाहेर पाहिलं. “नव्वदीला आलेत ना? थोडं थांबा, मावशी. वर्षा-दोन वर्षांत चूक आपोआप दुरुस्त होईल. तारखेत काय तो फरक.”

मग त्यांनीच पुन्हा सुरू केलं. “आणि चूक दाखवायचीच झाली, तर वाचणारे तात्या होते. ते आता नाहीत. तुम्ही निवृत्तीला आलात, कशाला डाग लावून घेता?”

“टिचकी माझी आहे, साहेब.”

“ते मी पाहिलेलं नाही,” साहेब म्हणाले. यात त्यांचा मावशींवरचा लोभ होता, आणि तोच मावशींना जड गेला.

घरी ताईनं सगळं ऐकून सुई थांबवली. “म्हातारा स्वतः म्हणतोय राहू दे, साहेब म्हणतात राहू दे. तू कोण लागून गेलीस?”

“भावजयीला नवऱ्याची श्रद्धांजली हवीय, ताई. थोरल्यांची खोडल्याशिवाय धाकट्यांची वाचता येत नाही.”

“तिची समजूत तो घालेल. आणि पुढे विचारायला येणार आहे कोण? आहे त्यांना कुणी नातू-पणतू?”

“नाही.”

“मग झालं तर.”

 मावशींनी पडद्याचं दुसरं टोक धरलं आणि ताई दुमड घालत राहिली. यादीला बुद्धी नसते, माया नसते. ती एवढंच करू शकते की इथं येऊन बसलेल्या प्रत्येकाला त्याची स्वतःची ओळ देते. मग तो तीनदा आलेला असो की दीड वर्ष मुकाट बसलेला. हे मावशींनी कधी कुणाला बोलून दाखवलं नव्हतं, कारण बोललं की ते फार मोठं वाटायला लागे. आणि तरी थोरल्यांचं ओळीखाली धरलेलं बोट डोळ्यांपुढून हलेना. माणूस जिवंत आहे असं लिहिलं की त्याचं काही हिरावलं जातं, असा प्रसंग आजवर त्यांच्यावर आला नव्हता.

दुसऱ्या दिवशी त्यांनी शुद्धिपत्राचं टिपण लिहिलं. चूक रुजुवातीत झाली, रुजुवात माझ्याकडे होती, असं स्पष्ट लिहिलं. शेवटी आणखी एक वाक्य जोडलं: थोरल्यांच्या निधनाची वेळ येईल तेव्हा त्यांच्या कार्याचा सभागृहानं पुन्हा संपूर्ण उल्लेख करावा, अशी विनंती.

साहेबांनी ते वाक्य वाचून लाल पेन उचललं. “हे काय, मावशी? श्रद्धांजलीचं आगाऊ बुकिंग?” आणि खोडलं. बाकीचं टिपण मात्र, बराच वेळ हातात धरून, त्यांनी वर पाठवलं.

मावशींनी भावजयीला पत्रानं दिवस कळवला होता. ती आली ती थोरल्यांना घेऊनच. बारीक अंगाची, पाठीत वाकलेली, हातात पाण्याची बाटली. प्रेक्षागारात दाराजवळ मावशींनी दोघांना बसवलं आणि स्वतः मागे भिंतीला टेकून उभ्या राहिल्या.

अध्यक्षांनी शुद्धिपत्र भरभर वाचलं. गेल्या अधिवेशनातील श्रद्धांजली नामसाधर्म्यामुळे चुकीने वाहिली गेली; ती कामकाजातून वगळण्यात येत आहे; प्रत्यक्षात निधन झालेले सदस्य अमुक, पोटनिवडणुकीत निवडून आलेले, त्यांना हे सभागृह आदरांजली वाहते; आणि माजी उपमंत्री हयात असून सभागृह त्यांना दीर्घायुष्य चिंतते.

“मग त्यांची हजेरी लावा!” मागच्या बाकांवरून कुणी तरी म्हणालं.

हशा पिकला. एकदा सुरू झाला तो लवकर थांबेना. या बाकावर विझला की त्या बाकावर पेटायचा. अध्यक्षही ओठ दाबून हसत होते. भावजय पुढे वाकून, कानामागे हात धरून बसली होती. नवऱ्याचं नाव आलं तेव्हा तिनं डोळे मिटले, आणि त्यानंतरचं तिला काही ऐकायचं नव्हतं. तिच्या शेजारी थोरले हसत होते. आपल्यावरच सगळे हसत असताना आपण एकटं गंभीर दिसू नये म्हणून माणूस हसतो, तसं.

उतरताना जिन्याच्या वळणावर ते श्वास घ्यायला थांबले.

“लिहिलंत ना, बाई? हयात?”

“लिहिलं.”

“छान.” त्यांनी कठडा धरला. “आमची भावजय आज जेवेल नीट. बरेच दिवस ताटावर नुसती बसायची.”

मावशींना माफी मागायची होती, पण कशाची मागायची ते नीट ठरेना. चूक केली त्याची, की दुरुस्त केली त्याची. त्या नुसत्या त्यांच्याबरोबर पायरी पायरी उतरल्या.

पेपरात दोन दिवस विनोद झाले. एका व्यंगचित्रात आमदार तिरडीवरून हात वर करून बोलायची परवानगी मागत होता. मावशींच्या सेवापुस्तकात एक शेरा पडला. शिपायानं अमर असल्याचा विनोद करणं सोडून दिलं, त्यामुळे खोली आणखीच शांत झाली.

थोरले गेले ते सभागृह बंद असताना, ऐन थंडीत. भावजयीचं पोस्टकार्ड आलं. ‘भावोजी काल गेले. तुम्हाला कळवावं असं त्यांनी सांगून ठेवलं होतं.’ मावशींनी ‘हयात’ खोडलं. या वेळी दाखला मागवला, मतदारसंघ पाहिला, दोन्ही ओळींवर बोट ठेवून पाहिलं, मग तारीख घातली. मग टिपण लिहायला घेतलं. कालवा, उठवलेली घरं, मागचा बाक, सगळं पुन्हा लिहिलं. जुनं टिपण समोर न ठेवता, नव्यानं.

साहेबांनी त्यातली एक ओळ ठेवली. “मी वर विचारलं होतं, मावशी. ते म्हणतात, त्यांच्यावर एकदा बोलून झालंय. तेच पुन्हा वाचलं तर लोकांना मागचं आठवेल. पुन्हा हसतील. ते बरं दिसेल का?”

मावशींना वाटलं, भांडावं. पण साहेब म्हणत होते ते खोटं नव्हतं. लोक हसले असते.

अधिवेशनाच्या पहिल्या दिवशी भावजय एकटीच आली. मावशींनी तिला प्रेक्षागारात पुढच्या रांगेत नेऊन बसवलं. त्या थंडीत माणसं बरीच गेली होती, नावांचा कागद लांबलचक होता. अध्यक्ष एका दमात नावं वाचत होते आणि खाली सदस्य अजून जागा शोधत, खुर्च्या सरकवत होते. भावजयीनं चष्म्यावर धुकं आलं म्हणून तो पदरानं पुसायला काढला. मग सगळे उभे राहिले, तशी तीही मावशींचा हात धरून उभी राहिली, आणि सगळे बसले.

“भावोजींचं कधी येईल?” तिनं कुजबुजत विचारलं.

“येऊन गेलं.”

“कधी?”

“मगाशीच. बाकीच्यांबरोबर.”

भावजय खाली पाहत राहिली. प्रश्नोत्तरं सुरू झाली होती. कुठल्या तरी रस्त्याच्या डांबराबद्दल दोघं जण तावातावानं बोलत होते.

“त्या वेळी केवढं बोलले होते त्यांच्याबद्दल,” ती म्हणाली. “मीच त्यांना पाठवलं तुमच्याकडे. हट्ट धरला. ते म्हणाले होते, राहू दे गं, माझ्या वाट्याचं त्याला झालं असं समज.” थोड्या वेळानं तिनं विचारलं, “आता दोघांचंही बरोबर आहे ना, तुमच्या यादीत?”

“दोघांचंही बरोबर आहे,” मावशी म्हणाल्या.

भावजयीनं मान हलवली. मग चष्मा डोळ्यांवर चढवून ती उठली, आणि रांगेतल्या लोकांनी तिला जायला पाय आत घेतले.